अडवलेला अर्धा तास

नानगान बेट, ४ एप्रिल

ती. वेन-शियांगदादास, यू-चेनचा सा. न. वि. वि.

समुद्राखालची तार तुटून आज नववा दिवस. फोन धड लागत नाही, म्हणून बोटीने पत्र. आमच्या दूरसंचार केंद्रात एरवी प्रत्येक निरोपाचे बारीक तुकडे होतात; प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक. मिळेल त्या वाटेने ते तैपेला पोचतात आणि तिथे क्रमाने जुळतात. आता डोंगरावरच्या तबकडीची एकच चिंचोळी वाट उरली आहे. तुकडे तुंबतात, गळतात, पुन्हा मागवले की गर्दी आणखी वाढते. आई म्हणते, एवढे शिकलात आणि एक दोरी सांधता येत नाही. पण तिचा रक्तदाब चढलाय, धुक्याने विमाने बंद आहेत. मला भीती वाटते.

लोभ आहे, तो असाच राहो.
यू-चेन

तैपे, ७ एप्रिल

चि. यू-चेन हीस अनेक आशीर्वाद.

आईला घेऊन पहिल्या बोटीने ये. बोट लागते म्हणून ती कुरकुर करेल, ऐकू नकोस. तुला घाबरट म्हणून मीच चिडवायचो. या वेळी मीही घाबरलोय.

तुझा दादा

नानगान, ११ एप्रिल

ती. दादास सा. न.

तुझे पत्र पोचायच्या आधीच, परवा सकाळी जेवताना आईचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुठळी असेल तर औषध लगेच द्यायचे. रक्तस्राव असेल तर त्याच औषधाने जीव जाईल. तैपेच्या तज्ज्ञांनी फोटो पाहिल्याशिवाय त्या काही देईनात, आणि फोटो निम्म्यावर अडकलेला. मी केंद्रात धावले. साहेबांना न विचारता दवाखान्याचे तुकडे पुढे घातले, बाकी सगळ्यांचे अडवले. हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा मागवत अर्ध्या तासाने फोटो पुरा झाला. रक्तस्रावच होता. आई वाचली आहे, अडखळत बोलते.

पण दादा, शेजारच्या आ-किम मावशी त्याच वेळी व्हिडिओ फोनवर होत्या. त्यांचे यजमान तैपेला शेवटच्या घटका मोजत होते. चित्र थांबले ते थांबलेच. काल त्या आईसाठी माशाचे सूप घेऊन आल्या, तुटल्या तारेला बोल लावत रडल्या. मी पातेले घेतले, पण चित्र माझ्यामुळे थांबले हे सांगितले नाही. आता त्यांच्या दारावरून जायचीही भीती वाटते. काय करू?

यू-चेन

तैपे, १४ एप्रिल

चि. यू-चेन हीस आशीर्वाद.

तुझ्या जागी मीही तेच केले असते. पण मावशींपासून हे लपवू नकोस. त्यांचे यजमान होते त्या दवाखान्यात मी जाऊन आलो. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, चित्र थांबल्यावरही यजमानांनी फोन खाली ठेवू दिला नाही. मावशींचे नाव घेत त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे पाहत गेले. हे मावशींना तूच सांगायचे, आणि चित्र कुणी थांबवले तेही. रागावल्या तर ऐकून घे. मी शुक्रवारच्या बोटीने येतो, पण माझ्यासाठी थांबू नकोस. पत्र मिळेल त्याच दिवशी जा.

तुझ्यावर माया करणारा,
दादा