काठी काढून घेतल्यावर

१२ जानेवारी १९३२, मंगळवार

अंबाजी पाटलाने आपली चंद्री माझ्या ओटीवरच्या शाळेतून काढली! ना निरोप, ना कारण. कारण मला न सांगता कळते. शनिवारी मी कोंडाजी धनगराच्या केसरला कोपऱ्यातून उठवून तिच्या शेजारी बसवले. खतासाठी धनगराची मेंढरे शेतात बसलेली चालतात, त्याची पोर शाळेत बसलेली चालत नाही!

तडक त्याच्या दारी गेले. चौकटीला निंबाचे डहाळे काय, उंबऱ्यावर पाण्याचा शिडकावा काय — थाट नुसता! बायको आत उभी. मी रस्त्यावरूनच विचारले, आळीला ऐकू जाईल असे — "धनगराच्या पोरीशेजारी बसून तुमची पोर विटाळते काय?" ती हूं की चूं नाही. केवढा हा माज!

१३ जानेवारी

चौदांतल्या सहा आल्या.

१५ जानेवारी, शुक्रवार

एकटी केसर. शेजारच्या झुबेदानेसुद्धा तैयबाला ठेवून घेतले! "सगळ्यांनी काढल्या, बाई. काहीतरी असेलच ना." काय असेल, ते मात्र तिला सांगता येईना.

एका मुलीसाठी घंटा वाजवली. बत्तीस वर्षे नोकरीत वाजवली, पेन्शनीत चार. अंबाजीसाठी थांबवणार नाही!

१७ जानेवारी, रविवार

संध्याकाळी केसरच्या आईकडे, रंगूकडे, शेतात गेले. मेंढरे वाघरीत — त्यांच्या जाळ्याच्या कुंपणात — शिरत होती. रंगूने तोंडाशी काठी आडवी धरली. पहिलीने उडी मारली, दुसरीने, तिसरीने. मग रंगूने काठी काढून घेतली. चौथी तेवढीच उंच उडाली! पाचवीही! पार शेवटचीपर्यंत — हवेवरून!

"का गं उडतात?"

"म्होरलीनं मारली म्हनून. मागच्यास्नी काठी कुठं दिसतीया, बाई? म्होरलीचं ढुंगान दिसतंय."

हसून हसून बांधावरच बसले. कॉन्व्हेंटात मदर आम्हाला मेंढरासारखे नम्र व्हा म्हणून सांगत. त्यांना ही वाघर दाखवायला हवी होती!

"आन् समदी मधीच का घुसत्यात ठाव हाय? लांडगा कडंची न्हेतो."

हीच आमची आळी! अंबाजी उडाला, मागून सगळे. काठी कोणी पाहिली?

कोकरे तेवढी निराळी. चारी पायांवर एकदम उसळत होती, एकेकटी, पुढे कोणी नसताना. "ह्यांच्या पुढे कोण आहे गं?" तर म्हणते, "कोन न्हाई. खुशीत हायती." केसर त्यांच्यातच उसळत होती. दोन महिन्यांत बाराखडी संपवलेली पोर!

१९ जानेवारी, मंगळवार

रंगू आली. "केसरला न्हेते, बाई. तिच्यापायी तुमची शाळा मोडली." शनिवारी कळप माणगावच्या अंगाला हलवणार म्हणते. दरवर्षी शिमग्यापर्यंत राहतात!

तिला ठणकावले — शाळा माझी आहे, मोडायची की नाही ते मी ठरवीन. पोर ओटीवरून उठवलीस तर याद राख!

केसरने पाटी पुसून कोपऱ्यात नीट ठेवली. ते मला बघवेना.

२१ जानेवारी

केसर आली. 'कळप' लिहिला. घंटा वेळेवर.

२२ जानेवारी, शुक्रवार

अंबाजी आला. कडेवर चंद्री — रोडावलेली, अंगावर गोवराचे डाग. "घरात गोवराच्या बाया आल्या हुत्या, बाई. त्या असंस्तवर नाव घेवाचं न्हाय, कुनाशी तंडाचं न्हाय. म्हनून बायको तुमाला बोलली न्हाय." पोरीला त्याने केसरशेजारीच टेकवले. "तापात हिचंच नाव घेत हुती."

निंब मी डोळ्यांनी पाहिला होता.

झुबेदाला गाठले. ती म्हणाली, "केसरवरून कुणाला काही वाटतं, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? तुम्हीच तर रस्त्यात ओरडलात."

काठी माझ्या हातात होती.

उद्या पहाटे, कळप हलायच्या आत, त्याच रस्त्यावर उभी राहून तेवढ्याच मोठ्याने माझी चूक सांगणार. ऐकू दे आळीला!