रांगोळी ओलांडताना

४ जानेवारी १९७६
पुन्हा तेच. मैदानावर निघालो आणि दारातच उजवा पाय जमिनीला चिकटला. वीस वर्षं लोकांना सूर्यनमस्कार शिकवतोय, स्वतःचा पाय ऐकत नाही! बायको शांता आतून, "अहो, काहून उभे राहिले दारात?" चपलेचा अंगठा तुटला, अशी थाप मारली. फार भीती वाटते.

७ जाने.
डॉ.कडे. "मास्तर, मेंदूतला एक रस आटून राहिला. पायाले हुकूमच पोचत नाही." गोळ्या दिल्या. वर्गात सांगायचं नाही. कडक मास्तर लटपटतो हे कळलं तर—

१२ जाने.
दारात थिजलो. समोर शांताची ताजी रांगोळी. तिच्यावर पाय कसा देणार? तर पाय आपोआप उचलला! पलीकडे गेलोसुद्धा. परत फिरून तीनदा ओलांडली. मग शांताला सगळं सांगून टाकलं. रडली. डोळे पुसले आणि अंगणात ठिकरीची घरं आखली. "घाला लंगडी! माहेरी खाप्यात मले कोणी हरवत नव्हतं." पन्नाशीचे आम्ही दोघं. मी हरत होतो, ती चिडवत होती, पाय चालत होते. नंतर बारा नमस्कार घातले. इतके मोकळे तरुणपणीही नव्हते.

१५ जाने.
डॉ. म्हणाले, "खेळात मजा आली की मेंदूले दुसरी वाट सापडते, असं दिसते. घाबरले की तेही बंद." म्हणजे घाबरायचं नाही. ऐकूनच घाम फुटला.

१८ जाने.
सक्करदऱ्याच्या मैदानात मधोमध थिजलो. चाळीस जण रांगेत, बघताहेत. लपवणं संपलं. शांतानं खिशात घातलेली रांगोळीची पुडी काढली, घरं आखली, काय झालंय ते सांगितलं. पाय सुटायला मजा यायला हवी. वर्गात हसायचं नाही हा नियम माझाच. "हसा रे," म्हणालो. कोणी हसेना.
शेवटी ढोबळे पुढे आला. बँकेतला कारकून. हसला म्हणून एकदा शंभर बैठका काढायला लावल्या होत्या त्याला. खापराचा तुकडा उचलला, "सर, पहिले मी," म्हणाला आणि पोट सांभाळत लंगडी घालत सुटला. तिसऱ्या घरात आपटला. कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. मीसुद्धा.
दोन घरं गेलो. तिसऱ्यात पाय पुन्हा चिकटला.
ढोबळेनं सायकलवर बसवून घरी आणलं. दारात म्हणाला, "डाव तुमचाच आहे सर. उद्या तिसऱ्या घरातूनच."
हो म्हणालो. भीती आहे तशीच आहे.