इंजिनवर बसलेली मुलगी

बाबा, काल मी वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसून नरखेडला जाऊन आले. लेकानं माझ्या पन्नाशीची भेट म्हणून तिकीट काढून दिलं होतं. हौशी लोकांसाठी एका दिवसाची सहल, सकाळी नागपूरहून निघायचं आणि संध्याकाळी परत. याच रुळांवर इंजिन चालवण्यात तुमचा जन्म गेला, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी तिथे हिंडायला निघाले, म्हणजे वरातीमागून घोडंच. फलाटावर लोक इंजिनापुढे फोटो काढत होते. काही बायका हौसेनं गालाला काजळी लावून घेत होत्या. तुमचे कपडे आई सोड्याच्या पाण्यात उकळायची, तरी कॉलर काळी ती काळीच. ते आठवून मला हसू आलं, आणि रागही आला. कुणाचा, ते कळलं नाही. तुमचं इंजिन पुढे ऐटीत धूर सोडत होतं आणि वाटेत दगा देऊ नये म्हणून मागे एक डिझेल इंजिन लावून ठेवलं होतं. गाडी नक्की कोण नेतंय, हे मी दोघांना विचारलं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

खरं सांगू का, मला डब्यात बसायचंच नव्हतं. रेल्वेच्या पासावर तुम्ही आम्हाला काशी-रामेश्वर दाखवलंत, पण स्वतःच्या इंजिनाची पायरी कधी चढू दिली नाहीत. मी नऊ वर्षांची होते. आईला ताप होता आणि तुम्ही डबा घरीच विसरलात, म्हणून मी तो घेऊन एकटी इंजिनांच्या शेडपर्यंत चालत आले. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "इथं काहून आली वं? पुन्हा दिसली तर तंगडं तोडीन." हातातून डबा ओढून घेतलात आणि पाठ फिरवलीत. आल्या पावली मी परत गेले. चार दशकं मी ते वाक्य जपून ठेवलंय बाबा, तुमच्या तेराव्यालाही ते आठवलं होतं. तुम्हाला आम्हा दोघी मुलींची लाज वाटते, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं आणि पुन्हा तपासून पाहिलं नाही.

नरखेडला आयोजकांनी एका जुन्या फायरमनचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. ऐंशीच्या घरातले असतील, कानाला यंत्र, पण आवाज खणखणीत. मोसंबीचा रस पिताना मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मी कुणाची मुलगी ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. तुमच्याबरोबर त्यांनी किती वर्षं कोळसा टाकला, तुम्ही चहा कसा बशीतूनच प्यायचात, सगळं झालं. मग म्हणाले, "तुले तं मी पाह्यलं आहे. काटोलहून तुले इंजिनवर बसवून आणलं होतं नं तुह्या बाबानं. शिटीले तू लय भ्यायची. म्हून ते दोन्ही हातानं तुह्ये कान झाकून धरत, अन् शिटी मले ओढाले सांगत." पुढे त्यांनी सांगितलं, की कुणीतरी ते वर कळवलं, तुम्हाला लेखी जबाब द्यावा लागला, आणि त्यानंतर घरचं कुणी शेडजवळ आलेलं तुम्हाला खपेना.

मला यातलं काहीही आठवत नाही. मुलगी केवढी होती, म्हणून विचारलं, तर त्यांनी बाकाच्या पाठीएवढा हात करून दाखवला. तेवढ्या तर आम्ही दोघीही कधीतरी होतो. ताई शाळेसाठी दोन वर्षं काटोलला मामाकडे होती. मीही एका सुटीत तिथं गेले आणि गोवर घेऊन परत आले. मला कुणी आणलं, कशातून आणलं, ते ठाऊक नाही. अंगात ताप होता, एवढंच आई सांगायची. ती मुलगी मी असेन, तर काखेत कळसा आणि गावाला वळसा, इतकी वर्षं मी उगाच तुमच्यावर रुसले. ताई असेल, तर लाड तिचे झाले आणि त्यापायी ओरडा मला बसला. परतताना डब्यात मी कळमेश्वर येईपर्यंत हेच उलटसुलट करत होते. शेजारच्या बाईंनी गाडी लागली का म्हणून आवळासुपारी दिली. मी ती खाल्ली आणि रडले. आनंदानं की हेव्यानं, ते तुम्हीच सांगा.

फायरमनकाकांना मी म्हटलं, "हो काका, आठवते नं." म्हातारा माणूस इतका खूश झाला होता. पण त्यांच्यासाठी म्हटलं, हे खोटं आहे. तेव्हापासून मला थोडं थोडं आठवायलाही लागलंय. तुमच्या तळव्यांचा खरखरीतपणा, कानांशी गरम, आणि बाहेरचं सगळं दूर गेल्यासारखं. हे खरं की मी रचलेलं, मला सांगता येत नाही.

रात्री ताईचा फोन आला होता. धूर, डिझेल, शाल-नारळ, सगळं तिला सांगितलं. इंजिनवरच्या मुलीचं तेवढं नाही सांगितलं. तिनं "अगं, ती मी होते" म्हटलं असतं तर मी काय करणार होते? आणि तिलाही आठवत नसेल, तीही माझ्यासारखीच कुढत राहिली असेल, हेही मला सुचलं. तरी नाही सांगितलं. हा कागद मी घरात ठेवणार नाही बाबा. ताई गुरुवारी येतेय, आणि तिला माझे खण उघडून बघायची सवय आहे.