रेडा सुटला, भाग दोन

१ जानेवारी २०२४
संकल्प. यंदा 'रेडा सुटला' या मोबाईल गेमचा दुसरा भाग काढायचाच. काल कुर्डूवाडीच्या गाडीत कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, पुढचा भाग कधी? इतकी वर्षं झाली, लोक विसरत नाहीत.

पहिल्या भागानं अख्ख्या परंड्याला वेड लावलं होतं. बाजारात रेडा सुटतो, दुकानं उधळायच्या आत त्याला कोंडवाड्यात घालायचा. बस. आयडिया माझी. बाकीचं, म्हणजे कोडिंग, चित्रं, आवाज आणि ते मोबाईलवर चालेल असं करणं, एवढं वैजनाथनं केलं. किरकोळ कामात तो शाळेपासून चांगला. पण दुसरा भाग निम्म्यात टाकून आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेला. लग्न केलं, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. चिकाटी नाही. मी रोज सकाळी नवी आयडिया द्यायचो, तरी उत्साह म्हणून नाही.

३ जानेवारी
स्टेटस टाकला. गुढीपाडव्याला येतोय. माझ्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात दिवसभर अभिनंदन. एक जण चार्जर घ्यायला आला, हात मिळवला आणि चार्जर न घेताच गेला. भारावला असणार.

बायकोनं, शिवांजलीनं विचारलं, करणार कोण? टीम, मी म्हणालो. टीममध्ये कोण कोण? तेवढ्यात तिची शाळेत शिकवायला जायची वेळ झाली. नशीब तिचं.

२१ जानेवारी
बाजार फार लहान पडतो. आता रेडा जिल्हाभर फिरणार. परंड्याच्या किल्ल्यातून सुटला की वाशी, तिथून थेट तामलवाडी. वाटेत उन्हाळा, पावसाळा, निवडणूक. रेड्याला मन असणार. त्याचं बालपण दाखवायचं.

शिवांजली वह्या तपासत ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, "रेडा जाग्यावरच आहे. तुम्ही सुटलाय."

डायलॉग चांगला आहे. गेममध्ये घ्यावा.

४ फेब्रुवारी
आज जुना कोड उघडला. वाटतो तितका अवघड नाही, फक्त कळत नाही. धाडस करून एक आकडा बदलला. रेडा उलटा चालायला लागला. तोंड कोंडवाड्याकडं, चाल बसस्टँडकडं. थोडा वेळ वाईट वाटलं. मग लक्षात आलं, हे जगात कुणी केलेलं नाही. ठेवतोय. नाव 'रिव्हर्स रेडा'.

१८ फेब्रुवारी
तामलवाडीचा अभ्यासदौरा. रस्ते, वळणं, झाडं सगळं बघून घ्यायचं होतं. मावसभावानं रानात नेलं. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. मग लिंबाखाली अंमळ पडलो. रस्ते बघायचे राहिले, पण वातावरण अंगात भिनलं. ते जास्त महत्त्वाचं.

१० मार्च
ट्रेलरचं शूटिंग. शेजारच्या अण्णारावांनी त्यांचा रेडा दिला. मी ॲक्शन म्हणालो आणि रेडा बसला. उठवायला गेलो तर त्यानं माझी टोपी खाल्ली. अण्णाराव म्हणाले, भुकेला न्हाय तो, सवय हाय. शूटिंग थांबवलं. पण त्यांच्या सुनेनं तेवढंच नेमकं मोबाईलवर घेतलं आणि नेटवर टाकलं. लई चाललं. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, गेम कधी?

मागणी आहे. पुरवठ्याचं बघू.

८ एप्रिल
उद्या पाडवा. दर्जाच्या कारणास्तव रिलीज अक्षय्य तृतीयेवर ढकलली. मोठमोठ्या कंपन्यांचे गेमसुद्धा लांबतात. फरक इतकाच, त्यांच्याकडं माणसं असतात.

आप्पा, माझे वडील, रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. त्यांचं म्हणणं, गाडी फलाटाला लागल्याबिगर अनाऊन्स करू नये. त्यांना मार्केटिंग कुठून कळणार? स्मार्टफोनसुद्धा आत्ता दिवाळीत हातात आला.

१० मे, अक्षय्य तृतीया
चुलतभाऊ अमरसिंहचं लग्न. मांडवात एलईडी स्क्रीन होताच, म्हटलं, याहून मोठा लॉन्च कुठला? अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या. माईक घेतला. लॅपटॉप जोडला. रेडा किल्ल्याच्या दारात आला. टाळ्या. मी बटण दाबलं.

रेडा जमिनीत जायला लागला. आधी पाय, मग पोट, मग शिंगं. मग नुसतं मैदान. पण आवाज चालू राहिला. जमिनीखालून रेडा हंबरत होता आणि बाहेर पाचशे माणसं गप.

बानूबाई आत्या पुढच्याच खुर्चीवर होत्या. त्यांनी काळजीनं विचारलं, "विहिरीत पडला का रं?" मग हशा जो सुटला, तो आवरेना. नवरदेव हसून हसून खाली बसला. नवरीचा मुंडावळ्यांचा दोरा तुटला. आचारी झारा घेऊन बघायला आला. बँडवाल्यांना वाटलं, खूण झाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

हंबरणं बंद करायचं बटण मला सापडलं नाही. शेवटी वायर उपटली.

एकूण प्रतिसाद उत्स्फूर्त. पण तांत्रिक बाजू बघायला हवी.

११ मे
सकाळी वैजनाथचा फोन. कित्येक वर्षांनी. नुसता हसत होता. कट झाला. परत आला. परत हसू. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं, सोनालीनं घेतला. म्हणाली, भावजी, लग्नातला व्हिडिओ बघितल्यापासनं यांचं असंच चाललंय, जरा वेळानं करतील.

नाही केला. मीच विचार केला, माणूस एवढा इंटरेस्ट दाखवतोय, तर त्याला संधी द्यावी.

१४ मे
वाशी. मुलाखत घ्यायच्या तयारीनं गेलो. दोन प्रश्नही काढले होते. त्याच्या दुकानात एक मोटार खोलून पडलेली. त्यानं हात पुसले, चहा सांगितला, मला बघून पुन्हा हसला. मग शांत झाला. म्हणाला, लई दिवसांनी असं हसलो, डोळ्यातनं पाणी आलं.

मी प्रश्न विचारायच्या आत त्यानंच विचारलं, कोड हाय का अजून? मी लॅपटॉप दिला. त्यानं उघडला. बराच वेळ बघत राहिला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, गेलं, तरी त्याचं लक्ष नाही. कधी काळी बाजारात बसून आम्ही दोघांनी गेमसाठी एकेक दुकान कागदावर काढलं होतं, ते तो बोटानं स्क्रीनवर दाखवत होता. हे भेळवाल्याचं. हे चपलांचं. मलाही जरा कसंतरी झालं. चहा फार गोड होता.

निघताना तो म्हणाला, "करू. पण एकच अट. तू आयडिया द्यायची न्हाय."

म्हणजे माझ्या आयडिया पुरेशा झाल्यात, असं त्याचं मत. हो म्हणालो. लॅपटॉप त्याच्याकडंच ठेवला. मी आता मॅनेजमेंटमध्ये.

३० जून
वैजनाथनं जिल्हा काढून टाकला. वाशी नाही, तामलवाडी नाही, बालपण नाही. परत परंड्याचा बाजार. पण रेडा आता हुशार झालाय, फसवतो. रिव्हर्स रेडाही गेला. मी फोन केला तर म्हणाला, ही आयडिया हाय का? मी म्हणालो, नाही, चौकशी. म्हणाला, मग ठीक.

इतकं बारीक लक्ष मी ठेवतो म्हणून काम होतंय.

२ सप्टेंबर, पोळा
वैजनाथ, सोनाली घरी जेवायला. पुरणपोळी. गेम जवळजवळ तयार. त्यानं मोबाईल पुढं केला, खेळून बघ म्हणाला. मी म्हणालो, निर्मात्यानं रिलीजआधी खेळू नये, तटस्थ दृष्टी जाते. शिवांजली आणि सोनाली खेळल्या. हसण्याचा आवाज स्वयंपाकघरात दूध उतू जाईपर्यंत. मी आणि वैजनाथ ओट्यावर जुन्या मास्तरांच्या नकला करत बसलो. त्यानं माझीही केली. हुबेहूब नव्हती.

१२ ऑक्टोबर, दसरा
आला. 'रेडा सुटला २' आला. सुरुवातीला दोन नावं. वैजनाथ आणि रणधीर, म्हणजे मी, शेजारी शेजारी. मी वर-खाली सुचवणार होतो, पण अट.

सोनं वाटायला निघालो तर स्टँडवर, कट्ट्यावर, जो तो मोबाईलमध्ये मान घालून. कंडक्टर भेटला, आपट्याचं पान हातात तसंच धरून खेळत होता. गाडी हलेना. वैजनाथचा वाशीहून फोन, तिथंही तेच. आम्ही दोघंही नुसते हसत होतो. इतका आनंद झाला की रस्त्यात ओळख नसलेल्या माणसालाही मिठी मारली.

सायंकाळी ७
घरी येऊन निवांत खेळायला घेतला. लेव्हल पहिली. रेडा निसटला. परत. निसटला. गेममध्ये दोष असावा. वैजनाथला कळवलं. तो म्हणाला, दोष न्हाय.

सायंकाळी ७.४०
शिवांजली पाचव्या लेव्हलवर. सोनाली सातव्या. वैजनाथ म्हणतो, पहिली लेव्हल फक्त सवय व्हावी म्हणून आहे, तिच्यात कुणी हरत नाही.

रात्री ८
परत निसटला. शेजारी आप्पा चष्मा लावून आपल्या मोबाईलवर खेळत होते. त्यांची नववी लेव्हल. बराच वेळ ते माझ्याकडं तिरकं बघत होते. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"आण इकडं. म्या काढून देतो."

दिला मोबाईल. फक्त पहिली लेव्हल.