नखवाल्याचा चेहरा

४ नोव्हेंबर २०२४, अंजनगाव सुर्जी

पोचले एकदाची. बार्शीटाकळी ते अकोला, अकोला ते अकोट, अकोट ते अंजनगाव. तीन एस.टी., आणि तिन्हींत मांडीवर फराळाचा डबा. चकल्यांचा पार भुगा झाला, पण शेखरभाऊंनी तो भुगाही चमच्याने खाल्ला. माणूस बरा दिसतो. चाळिशीचा, एकटा, बोटांना कायम शाई. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकीखाली त्यांचा पानमळा. आमच्याकडे कापूस आणि तूर, एवढं हिरवं मी कधी बघितलं नव्हतं.

नोकरी म्हणजे काय, तर 'नखवाला'. शेखरभाऊंच्या ह्या कॉमिकचे सोळा अंक निघालेत. छपाई अमरावतीला होते आणि आख्ख्या वऱ्हाडातले पोट्टे त्यापायी येडे झालेत. अंगावर घोंगडी, उजव्या अंगठ्यात पानं खुडायचं लोखंडी नख, आणि तोंड कधीच दिसत नाही. तो कोण, त्याच्या अंगात कोणती ताकद, हे शेखरभाऊ सांगत नाहीत. वाचक तर्क लढवून पाठवतात. दर महिन्याला त्यातला एक निवडायचा, हे माझं काम. असं काम करायला माणसं ठेवतात हे आईला अजून पटलेलं नाही.

दादा मात्र हवेत आहे. बंडूदादा, माझा थोरला भाऊ. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात त्याने सोळाही अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाही. बाबा गेल्यावर हा बारावीवर थांबला आणि मला एम.ए. केलं. मघाशी फोनवर म्हणे, प्रतू, माझाच तर्क निवडजो. मी म्हटलं, वशिला चालणार नाही. खूप हसला.

८ नोव्हेंबर

आज मळा बघितला. पुंजारामबाबा तिथले जुने खुडणारे, साठी उलटलेली. मी चपला घालून आत पाय टाकणार तेवढ्यात ते असे काही खेकसले की मी जागच्या जागी उभी. म्हणे, पोट्टे, बाहेर काढ त्या, हे काय बाजार हाय? मळ्यात अनवाणीच जायचं. शिवी द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मळ्यात बोललेलं फिरवायचं नाही. पानाचा सौदा असो की सोयरीक, इथले लोक वेलात उभे राहून बोलतात आणि ते मोडत नाहीत. मोडलं तर वेल मुळापासून वाळते म्हणे.

शेखरभाऊंनी हीच रीत कॉमिकला लावली आहे. निवडलेला तर्क पाठवणाऱ्याने स्वतः सांगायचा. पौर्णिमेच्या दिवशी भरदुपारी भाऊ अनवाणी मळ्यात उभे राहून त्याला फोन लावतात, स्पीकरवर. तो बोलला की तर्क पक्का, मग पुढच्या अंकात तसंच चित्र. मला हे भारी आवडलं. पुण्याच्या लोकांना असलं काही सुचायचं नाही.

१५ नोव्हेंबर

पाच दिवसांत चारशे तर्क वाचले. नखवाला म्हणजे मेलेला सरपंच. नखवाला म्हणजे बाई. नखवाला अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एकाने नखाच्या धातूवर सहा पानं लिहिलीत, देव त्याचं भलं करो.

शेवटी हिवरखेडच्या वर्षालीताईंचा निवडला. त्या शाळेत शिकवतात. त्यांचं म्हणणं, नखवाल्याला मातीतून कळतं. चपला-बूट घालून मळ्यात येईल त्याला तो सोडत नाही. आज दुपारी त्या स्पीकरवर बाईंच्या ठणठणीत आवाजात हे बोलल्या, वारा नसताना सगळी वेल सळसळली. पुंजारामबाबांनी कपाळाला हात लावला. मी मजेत मोबाईलवर व्हिडिओ काढत होते.

२१ नोव्हेंबर

आज घडलं ते लिहून ठेवते.

सकाळी नऊला किशोर नावाचा व्यापाऱ्याचा माणूस पानं बघायला आला. फोनवर बोलत होता, बुटांसकट आत शिरला. मी खिडकीत चहा पीत होते. मला वाटलं पुंजारामबाबा आता ओरडतील. ओरडला तो किशोरच. वेलांच्या रांगेत तो आधी गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, मग त्याला कुणीतरी पाय धरून ओढत आत नेलं. आम्ही धावलो तेव्हा तो पाठीवर पडला होता. दोन्ही टाचा देठापासून पान खुडावं तशा साफ खुडलेल्या. गळा ह्या कानापासून त्या कानापर्यंत उघडा, आणि त्यातून अजून हवा बाहेर येत होती. बूट बाजूला नीट जोडून ठेवलेले.

मी तिथेच ओकले. मळ्यात असं करू नये हेही सुचलं नाही.

३ डिसेंबर

पोलीस चार वेळा येऊन गेले. सगळ्या खुडणाऱ्यांची लोखंडी नखं घेऊन गेले, एकावरही रक्त नाही. जुनं भांडण असेल असं ठरवून मोकळे. वर्षालीताईंचा मेसेज आला, त्यांना अपराधी वाटतं. मी समजावलं की असं काही नसतं. मला स्वतःलाही तेच समजावते आहे. आई म्हणते परत ये. दादा म्हणतो, प्रतू, तुले भेव वाटत असंल तर ये, पण योगायोगच हाय तो.

योगायोगच.

१५ डिसेंबर

ह्या वेळी अकोल्याचा धर्मेंद्र. कॉलेजात शिकतो, हुशार मुलगा. त्याचा तर्क असा की नखवाल्याला मळ्याची हद्द नाही, जिथवर पान पोचतं तिथवर तो पोचतो. वाचल्याबरोबर मी टेबलावर थाप मारली, इतका चोख. निवडला. मीच निवडला. दुपारी तो मळ्यात बोलला, जरा अडखळत, लाजत. आणि पुन्हा ती सळसळ.

१९ डिसेंबर

धर्मेंद्र मेला.

अकोल्यात, त्याच्या नेहमीच्या पानठेल्यावर, दुपारी बाराला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. ठेलेवाला टोपलीवरचं ओलं फडकं उचलतो. पानांच्या थप्पीतून आधी अंगठा येतो. मग मनगट. मग कोपरापर्यंत हात, घोंगडीसकट. धर्मेंद्र हसतोय, त्याला वाटलं मित्रांनी गंमत केली. हाताने त्याचे केस धरले, डोकं टोपलीत ओढलं. पाय झाडत होता. टोपलीच्या विणीतून रक्त खाली ठिबकत होतं आणि ठेलेवाला फडकं हातात धरून नुसता बघत होता. डोकं बाहेर आलं तेव्हा त्यावर कातडी कमी होती आणि हाड जास्त.

लोक व्हिडिओखाली तर्क लिहून राहिलेत. मस्त ताकद दाखवली म्हणे. पुढच्या वेळी डोळे काढायला पाहिजेत म्हणे.

२२ डिसेंबर

शेखरभाऊंना जाऊन विचारलं. मी ओरडले, टेबलावरची शाई सांडली. ते शांत. त्यांना पहिल्याच महिन्यापासून माहीत होतं. आधी रानडुकरं मरायची, कुत्री मरायची, कारण आधीचे तर्क किरकोळ होते. माणसं मरायला लागली ती माझ्या निवडीपासून. तुझी नजर चांगली आहे, असं म्हणाले. कौतुकाने.

बंद का करत नाही, तर म्हणे, पहिल्या अंकाच्या वेळी मी मळ्यात उभं राहून बोललो, दर पौर्णिमेला एक तर्क देईन. फिरवता येत नाही. आणि मग हळूच म्हणाले की सतरा अंक झाले, आता मलाही त्याचं तोंड पाहायचं आहे.

भैताड माणूस. मी बॅग भरली.

बॅग भरल्यावर दादाचा मेसेज आला. त्याचा तर्क. नखवाल्याला स्वतःचं तोंडच नाही. जो त्याला बरोब्बर ओळखेल, त्याचं तोंड तो घेतो. खाली लिहिलंय, कसा वाटला, प्रतू? सांग ना.

सगळ्यांत चांगला तर्क आहे. शेखरभाऊंनी बघितला तर दुसरा कुठला घेणारच नाहीत. मी पुसून टाकला आणि बॅग परत रिकामी केली. मी गेले तर निवड ते करतील. दादा पुन्हा पाठवेल, तो काय गप्प बसतो?

९ जानेवारी २०२५

निरुपद्रवी तर्क एकही नाही. लोकांना रक्तच पाहिजे. तेव्हा मीच एक लिहिला: नखवाला थकला. नख त्याने विहिरीत टाकलं. आता तो कुणाला मारत नाही. बोलायला खरा वाचक पाहिजे, आणि घाबरून फोन ठेवणार नाही असा. कुणाला सांगणार? कोण विश्वास ठेवणार?

दादाला सांगितलं. सगळं सांगितलं. तू फक्त हे एवढं बोल आणि फोन ठेव. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, प्रतू, हा तर एकदम पडेल तर्क हाय, माझ्या नावानं छापून येईल तर पोट्टे हसतील ना मले. मी रडले. तेव्हा म्हणे, बरं बापा, बोलतो. शपथ घातली. घेतली त्याने.

१३ जानेवारी

पौर्णिमा. दुपारी बारा.

शेखरभाऊ मळ्यात उभे, फोन स्पीकरवर. दादाने आधी स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, मग दुकानाचंही. आवाज फुललेला. सतरा अंक वाचले म्हणाला. मग थांबला. मी मनात म्हणत होते, बोल दादा, थकला म्हण, विहीर म्हण.

तो म्हणाला, थकला-बिकला काही नाही. नखवाल्याले सोताचं तोंडच नाई. जो त्याले वळखते, त्याचं तोंड तो घेते.

मी फोनवर झडप घातली. उशीर झाला होता. दादा पलीकडून हसत सांगत होता, माफ कर प्रतू, पण हाच खरा हाय ना, तुलेबी मालूम हाय, इतके दिवस मनात धरून ठेवला होता मी. वेल इतकी सळसळली की त्याचं पुढचं ऐकू आलं नाही.

नंतर वीस वेळा फोन केला. दुकान बंद कर, घरी जा, घरात पान ठेवू नको, आईला जवळ बसव. हो हो म्हणाला. उद्या संक्रांत, तिळगूळ घेऊन तुझ्याकडेच येतो म्हणाला.

१४ जानेवारी, सकाळ

फोन उचलत नाही. दादा उचलत नाही.

साडेनऊ

आईचा फोन. आधी नुसती किंचाळत होती. मग शेजारच्या काकांनी घेतला. दादा दुकानात सापडला. शटर अर्धं खाली. गल्ल्याशेजारी पानाचा विडा, उघडलेला, कुणी गिऱ्हाईक ठेवून गेलं असेल. दादाच्या अंगावर शर्ट आहे, हातात घड्याळ आहे, त्यावरून ओळखला. तोंड नाही. हनुवटीपासून केसांपर्यंत सोलून नेलं. काका म्हणे, काम अगदी सफाईचं.

मी त्याले निवडलं नाई. मी पुसला होता तो. मी पुसला होता—

दहा

मळ्यात कोणीतरी हाय.

वेलाच्या रांगेतून येऊन राहिला. घोंगडी. अनवाणी. भरउन्हात. पुंजारामबाबानं त्याले पाह्यलं. बाबा दादाले वळखते, मी फोटो दाखवला होता. हात वर करून सामोरा गेला. त्यानं बाबाचा हात धरला आणि पोटापासून छातीपर्यंत अंगठा वर नेला. बाबा उभाच होता थोडा वेळ. पोटातलं दोन्ही हातांनी धरून.

शेखर वही घेऊन पळत गेला. पळत. हसून राहिला होता. त्याच्या अगदी जवळ जाऊन तोंड पाह्यलं, आणि पेन्सिल काढली. आता मातीत पडला हाय. डोळ्यांच्या जागी काहीच नाई. हात अजून वहीवर हलते—

पायऱ्यांवर पाय वाजून राहिले. ओले.

दार लावलं. खाट लावली आडवी.

तो बाहेर उभा हाय. दादाच्या आवाजात बोलते. प्रतू म्हणते. तिळगूळ आणला म्हणते. रागावली का म्हणते. मी म्हटलं तू दादा नाई. तो म्हणे, पाहून तर घे.

फटीतून पाह्यलं. एक डोळा. दादाचा. पापणीवर तो लहानपणचा डाग, मी दगड मारला होता तो. कडेनं कातडी जराक सैल हाय. हसते तेव्हा घसरते.

मले मालूम हाय तो दादा नाई. मले सगळं मालूम हाय.

पण तिकडं माय त्याले चादरीखाली झाकून बसली असंल. जाळतील तेव्हाबी त्याले तोंड नसंल. माझ्या दादाचं तोंड ह्या दाराच्या पलीकडं हाय, आणि कुठंच नाई. ते ह्याच्याजवळ नाई राहू देणार मी. चाकू हाय माझ्याजवळ, वांगे चिरायचा. मी त्याच्यावरून ते काढून

खाट सरकवली. म्हणे, ये, प्रतू, घे. कडीवर हात ठेवला हाय, दुसऱ्या हातानं लिहून राहिली. दादा, मी तुले घरी घेऊन जा—