उजवा अंगठा चालत नाही

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७४

चि. शिवशरण यास अक्काचे आशीर्वाद.

हे पत्र लिहावे लागले ते तुझ्या चुकीमुळे. टेलिव्हिजनवरच्या नाटकात तू केराबाईचे खरे नाव घातलेस. सोलापुरात टेलिव्हिजन दिसत नाही, म्हणून कळणार नाही असे वाटले? साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मुलीने ते पुण्यात पाहिले आणि वडिलांना ट्रंककॉल केला.

आपल्याकडे घोंगड्या आणणाऱ्या बनाबाईची ही सून. ऊस तोडताना कोयत्याने तिचा डावा अंगठा गेला. नवरा-बायको मिळून तिथे 'एक कोयता' धरतात आणि हजेरीत नाव फक्त नवऱ्याचे, धुळाचे. तिने भरपाईचा अर्ज केला, तर कारकून म्हणाला की डावा अंगठा उठव, उजवा चालत नाही. हे सारे मीच तुला कळवले. नाव झाकायचे, हेही सांगायला हवे होते?

आता मुकादम म्हणतो की पुढच्या हंगामाला धुळाला टोळीत घेणार नाही. बनाबाई काल दारात बसून म्हणाली की बाई, तुमच्या भावानं आमची भाकर मुंबईला दाखवली की, आता आमी खायचं काय!

उत्तर ताबडतोब हवे.
गंगम्मा


मुंबई
१७ फेब्रुवारी १९७४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

नाव मी आधी बदलले होते. मग वाटले, कारखान्याने जे केले तेच मी करतो आहे. हजेरीत नाही, निदान नाटकात तरी असू दे. पण तिला विचारले नाही, हा माझा गुन्हा.

पाहणाऱ्यांची दोनशेवर पत्रे आली. बहुतेकांनी एकच विचारले आहे, उजवा का चालत नाही? तो गठ्ठा मी कामगार खात्यात नेऊन दिला. चौकशी लागली आहे.

वहीवर नाव नाही म्हणून तू एकदा माझी वही खिडकीबाहेर टाकली होतीस. आठवते का, हेडमास्तरीणबाई?

रागातही माया राहू दे.
तुझा धाकटा,
शिवशरण


शुक्रवार पेठ, सोलापूर
५ नोव्हेंबर १९७४

चि. शिवशरण यास आशीर्वाद.

वही आठवते. म्हणून तर केराबाईला बोलावून विचारले की नाव मागे घ्यायला लावू का. ती म्हणाली की व्हय-न्हाय आता कशाला, मुंबईत दिसलं तर कारखान्याच्या वहीतबी दिसू द्या. मग तिला पाटी दिली. चार अक्षरांना तीन महिने लागले. 'ई'पाशी लई रडली. मी रडू दिले, पाटी काढून घेतली नाही.

चौकशी होऊन गेली. या हंगामापासून प्रत्येक बाईचे नाव हजेरीत वेगळे लागणार आहे. मुकादमाला धुळालाही घ्यावे लागले. काल तिचे हजेरीपत्रक घ्यायला मी तिच्याबरोबर कारखान्याच्या कचेरीत गेले. कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे केला, तिचा हात पाहिला आणि पॅड मागे घेतला. तिने त्याच्याच खिशातले पेन मागून घेतले. भरपाईचा जुना अर्जही त्याच सहीने दाखल झाला.

तुला शाबासकी देत नाही, सवय लागेल. पण न पाहिलेले ते नाटक मी पेठेत निदान पन्नास जणींना सांगितले आहे.

लोभ आहेच, तो गृहीत धरू नकोस. पोचपावतीची नक्कल खाली दिली आहे, जपून ठेव.
गंगम्मा

"स्वतःच्या नावाचे हजेरीपत्रक, नग एक, मिळाले. ता. ४-११-७४.
~~निशाणी डावा अंगठा~~
सही: केराबाई"