‘डिसरप्टर’चं सुकाणू

१० मे, शनिवार

बोट आली. यॉट म्हणायचं — श्रीरंगने दोनदा सुधारलं मला. अठरा फुटी, चार माणसांची, आणि बरीच वापरलेली. चेन्नईहून ट्रकवर टाकून आणली. ऑफिसात सगळ्यांना मेल गेली की आता आपल्या कंपनीची स्वतःची रेसिंग यॉट आहे. मेलमध्ये यॉटचा फोटो नाही. श्रीरंगचा आहे — पांढरी पँट, गॉगल, हात कमरेवर. पुण्याहून येऊन कंपनी काढली की माणसाला असे फोटो लागतात बहुतेक.

नाव ठेवलंय ‘डिसरप्टर’. शर्यती होतात त्या तळ्यावर हा काय डिसरप्ट करणार? बदकं?

मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, तुम्ही कॉलेजात शिडाच्या बोटी चालवायचात ना, मग पावसाळी सीझनची तयारी तुमच्याकडे. बोट आणि टीम, दोन्ही. मी कंपनीचे करार तपासते. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते, राज्याकडून शर्यतीत उतरले होते, त्याला वीस वर्षं होऊन गेली. विचार करून सांगते म्हणाले. विचार काही केला नाही. लिफ्ट खाली येईपर्यंत ठरलं होतं.

शर्यतीत सुकाणू कोणाकडे, ते मात्र तो बोलला नाही.

११ मे, रविवार

तळ्यावर जाऊन बोट नीट बघितली. यशवंतपुराहून पहाटे निघाले तरी तुमकूर रोडला ट्रकांच्या मागेच. बोट वाईट नाही! अंग मजबूत आहे. मोठं शीड मऊ पडलंय, दोर सगळे बदलावे लागतील. सुकाणूचं पातं सरळ आहे, कुठे चीर नाही. जमिनीवरच्या बोटीत बसून दांडा इकडेतिकडे फिरवून पाहिला. वॉचमन बघत होता. मग उठले.

स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच फसवायला नको : सुकाणू मला हवंय. ‘बोटीच्या भल्यासाठी’ वगैरे नाही. मला हवंय.

१७ मे, शनिवार

पूजा. नवीन गाडी घेतली की करतात तशी. मला पूजेचं काही नाही, आमच्या घरी मिक्सरचीसुद्धा होते. भटजींनी ट्रेलरच्या चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला, कोहळा फोडला. इथवर ठीक. मग नारळ. भटजी जमिनीवर फोडणार तर श्रीरंग पुढे आला : ‘नाही नाही, गुरुजी, जहाजावर बाटली फोडतात ना, तसा. नाकावर.’ भटजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, हे लोखंड नाही, फायबर आहे. तोवर श्रीरंगने स्वतःच नारळ घेतला आणि हाणला!

नारळ फुटला नाही. बोटीचं नाक फुटलं.

बशीएवढा पापुद्रा उडाला, आत चीर. आणि हा म्हणतो, ‘शुभ असतं हो थोडं लागलेलं.’ कुंकवाचे दोन पंजे शिडावरही उमटवले. कोणाचे ते विचारायला नकोच.

घरी नवऱ्याला, रविकिरणला सांगितलं तर तो हसत सुटला. ‘तुला आनंद झालाय,’ म्हणाला. मी नाही म्हटलं. खरं तर झाला होता, थोडा.

२४ मे, शनिवार

पॉलिश पेपर, पुटी, पुन्हा पॉलिश पेपर. चीर बुजली, पण नाकाचं काम अर्धंच.

टीम जाहीर. श्रीरंग, मी, प्रणीत, सिद्धी. प्रणीत सेल्सचा, इथलाच, माझ्याशी कन्नडमध्ये बोलतो. दंड जिममध्ये कमावलेले, पण दोर ओढायला दिला तर आधी तळवे बघतो. सिद्धी टेस्टिंगची, नागपूरची. तिला पोहता येतं एवढ्यावर घेतलंय. के. आर. पुरमहून दोन मेट्रो आणि एक ऑटो करून आली आणि आल्याआल्या मला म्हणाली, ‘अक्का, मला सारं शिकवून द्या, मी करून टाकीन.’ सारं! मी वर्षभर गाठी शिकत होते.

श्रीरंगने टी-शर्ट आणले. माझ्या पाठीवर ‘मेंटॉर’. त्याच्या पाठीवर ‘स्किपर’.

स्किपर! गोव्यात पाच दिवसांचा कोर्स केलाय त्याने.

३१ मे, शनिवार

प्रथमच पाण्यावर. वारा बेताचा. श्रीरंग सुकाणूवर. बोट साप चालावा तशी चालली. मी ‘स्वल्प डावीकडे’ म्हणाले तर वळून म्हणतो, ‘स्वल्प मराठीत असं नाही वापरत, उल्का. थोडं म्हणा.’ आमच्या घराण्याला इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली, आमची मराठी आम्ही सांभाळली आहे, तू तुझी बोट सांभाळ — हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं का? मालक आहे म्हणून गप्प बसले की पाण्यावर वाद नको म्हणून? दुसरं कारण मला जास्त शोभतं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसत नाही.

तोवर बोट लव्हाळ्यात शिरली होती.

१ जून, रविवार

आज मी शिस्त लावली. दिशा बदलताना शीड या बाजूचं त्या बाजूला जातं. पुढच्या शिडाचा दोर वेळेत सोडला नाही तर वारा उलटा भरतो आणि बोट आडवी होते. म्हणून सुकाणूवर असेल त्याने आधी विचारायचं, ‘तयार?’ दोरावरच्याने म्हणायचं, ‘तयार.’ मगच वळवायचं. कॉलेजात आम्हाला असंच शिकवलं होतं.

नंतर अर्धा तास सुकाणू माझ्याकडे. काय सांगू! बोट एकदम सरळ झाली, हलकी झाली. हात काही विसरलेला नाही. प्रणीतसुद्धा ‘सूपर, अक्का’ म्हणाला. श्रीरंग फोनवर व्हिडिओ घेत होता — स्वतःचा.

७ जून, शनिवार

आडवे झालो. सगळे पाण्यात.

सुकाणूवर मी. वारा चांगला होता. विचारलं, ‘तयार?’ सिद्धी म्हणाली, ‘तयार.’ वळवली. आणि हिचा दोर अजून खाचेत घट्ट! बोट कलली ती थेट आडवी. लाइफ जॅकेटं होती, कोणाला लागलं नाही. बोट सरळ करून काठाला आणेपर्यंत दुपार. श्रीरंगचा गॉगल तळ्यात गेला, ही दिवसातली एकमेव चांगली गोष्ट.

काठावर सिद्धीला विचारलं, दोर सोडला नव्हता तर तयार का म्हणालीस? ती केस पिळत म्हणाली, ‘तुम्ही विचारलं ना, अक्का. म्हणून म्हटलं.’

हे काय उत्तर झालं? मी विचारलं म्हणून हो! टेस्टिंगमध्ये असंच करते का, की मॅनेजरने विचारलं म्हणून चालतंय? मी ओरडले नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाले, ‘एकच सोपं काम होतं तुला.’

घरी येऊन ते वाक्य डोक्यात फिरतंय. चूक तर काहीच नव्हतं त्यात. रविकिरणला विचारलं, मी कडक आहे का? तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘तू वाऱ्यावरसुद्धा चिडतेस.’ आता याला मत म्हणायचं का?

१४ जून, शनिवार

आज मी काठावर. श्रीरंग म्हणाला, तुम्ही लांबून बघा आणि चुका सांगा. चांगली नोकरी आहे! वारा काठाकडे होता, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

‘तयार?’ ‘नाही, सर, थांबा थांबा, अडकला.’ ‘बरं, निवांत.’ निवांत! बोट सरळ पुढे चालली आहे, वळायची खूण केव्हाच मागे पडली, आणि हा निवांत. मग सिद्धी ‘हं, आता’ म्हणाली तेव्हा वळवली. पुढच्या वेळी पुन्हा तेच — प्रणीत ‘इल्ला, सर, इल्ला’ ओरडला आणि तिघं हसायलाच लागले. सर्कस नुसती. शर्यतीत या वेगाने गेलो तर बाकीच्या बोटी चहा पिऊन परत येतील.

एकदाही आडवे झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे लिहिते. पण सावकाश चालणाऱ्याला ठेच लागली नाही याचं कौतुक कसलं करायचं?

चुका सांगितल्या. सगळ्या सांगितल्या. तिघांनी ऐकून घेतलं. सिद्धी बुटांकडे बघत होती.

१८ जून, बुधवार

श्रीरंगने केबिनमध्ये बोलावलं. पहिली शर्यत एकोणतीसला. म्हणाला, सीझनभर सुकाणूवर कोण, ते टीमच ठरवू दे. रविवारी ठरवू. चिठ्ठ्या टाकू म्हणाला. मी म्हणाले चिठ्ठ्या कशाला, समोरासमोर नाव सांगावं, लपवाछपवी नको. ‘तुमचं हे मला आवडतं,’ म्हणाला. माझं काय आवडतं याच्याशी त्याचा संबंध नाही, पण असो.

मिळाल्यात जमा आहे! दोघांना डोळे आहेत. माझ्या हातात बोट कशी पळते ते त्यांनी पाहिलंय. एक दिवस आडवे झालो, पण तो दोर सिद्धीचा होता, हे तिलाही कळतं.

प्रश्न एवढाच, की मी कोणाचं नाव घ्यायचं? स्वतःचं घेणं बरं दिसत नाही. न घेणं खोटं आहे, कारण लायक मीच आहे असं मला वाटतं. दिवसभर हेच चाललंय डोक्यात. ज्याने नारळाने बोट फोडली त्याचं नाव कुठल्या तोंडाने घेऊ?

२१ जून, शनिवार

नाकाचं काम पुरं. हात फिरवला तर चीर होती कुठे ते कळत नाही.

ठरलं. श्रीरंगचं नाव घेणार. तो नक्की स्वतःचं घेईल, मी त्याचं घेतलं तर त्याची लाज राखली जाईल, आणि प्रणीत-सिद्धी माझं घेतील. दोन-दोन झाले तर तो स्वतःच म्हणेल, तुम्ही घ्या. एवढी तरी समज असेल. नसली तर मी बोलेन.

हे औदार्य आहे की ऐट? आज याचं उत्तर शोधायचं नाही.

२२ जून, रविवार

काठावर, बोटीभोवती उभे राहून. मी श्रीरंगचं नाव घेतलं. प्रणीतने श्रीरंगचं घेतलं. सिद्धीनेही श्रीरंगचं, आणि मग हळूच, ‘सॉरी, अक्का.’

श्रीरंगची पाळी शेवटी आली. त्याने माझं घेतलं.